पाचोळा हा कचरा नव्हे

महोदय,

उद्यानांतील आणि टेकड्यांवरील पाचोळा रोज गोळा करून जाळावा, अशी सूचना करणारे एका वाचकाचे पत्र आपल्या दैनिकात वाचले. या सूचनेला माझी ठाम हरकत आहे. झाडांनी सूर्यप्रकाशातून साठवलेल्या ऊर्जेपैकी फार थोडी हिरवी पाने खाणाऱ्या जिवांच्या वाट्याला जाते. जंगलात तिचा मोठा हिस्सा गळलेल्या पानांतून जमिनीवर उतरतो आणि बुरशी, वाळवी, गोम, गांडूळ यांच्या मार्गे पुढे सरकतो. एका जिवाने दुसऱ्याला खाण्याच्या साखळीत ही ऊर्जा पायरीपायरीने घटत जाते, हे अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञ रेमंड लिंडेमन यांनी १९४२ मध्ये मांडले. ढोबळमानाने १० टक्केच पुढच्या जिवापर्यंत पोहोचते आणि उरलेली बहुतांशी उष्णतेच्या रूपाने निघून जाते. म्हणजे मुळात वाटा एवढा तुटपुंजा, आणि त्याचा पायाच आपण काडी लावून दहा मिनिटांत संपवायचा!

नागपुरातील सेमिनरी हिल्स या टेकडीवर सकाळी फिरताना सातभाईंचा थवा मी नेहमी पाहतो. सागाचे सुपाएवढे पान चोचीने उलटायचे, खालचा किडा टिपायचा आणि कलकलाट करीत पुढच्या पानाकडे वळायचे, असा त्यांचा क्रम असतो. जिथे जमीन झाडून लख्ख केलेली असते, तिथे हे पक्षी थांबतही नाहीत. रस्ते व पायवाटा अवश्य झाडाव्यात, आग लागू नये म्हणून त्यांच्या कडाही मोकळ्या ठेवाव्यात. मात्र झाडांखालचा पाचोळा महापालिकेने आणि वन विभागाने जागेवरच कुजू द्यावा.

– एक वाचक, नागपूर