तो अल्बम पुन्हा एकदा ऐका, अप्पा

मँचेस्टर,
श्रावण मास

तीर्थरूप अप्पा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र आणि त्याच पाकिटात काकांनी घातलेली दोन पाने मिळाली. मी खुशाल आहे, काळजी नसावी. कामाचे, स्वयंपाकाचे आणि इथल्या पावसाचे मी दर रविवारी फोनवर सांगतेच, म्हणून ते पुन्हा लिहीत नाही. फोनवर जो विषय पुरा होत नाही, कारण तुमचा आवाज चढतो आणि मग आई फोन आपल्या हाती घेते, त्या एका विषयासाठी हे पत्र आहे. आषाढीला आलेला तो नवा अभंगांचा अल्बम.

काकांनी लिहिले आहे की शहापुरातल्या आपल्या भजनी मंडळात त्यावरून दोन तट पडले आहेत, तुम्ही तीन अभंग ऐकून यंत्र बंद करायला लावले, आणि शेजारचे मास्तर, जे घरी कन्नड बोलतात आणि इतकी वर्षे आपल्या मंडळात टाळ धरतात, त्यांनीही या वेळी तुमचीच बाजू घेतली. पखवाजाच्या जागी यंत्राचा ठेका आहे, टाळ घुमाऱ्यात बुडाले आहेत, आणि अभंग चार मिनिटांत बसवण्यासाठी शेवटचे चरण गाळल्यामुळे ‘तुका म्हणे’ कानावर येतच नाही, हे तुमचे तीन आक्षेप मला समजले. त्यावर बाळ तुम्हाला म्हणाला की जुन्या माणसांना नवे काहीच आवडत नाही, हेही समजले. ते त्याने बोलायला नको होते आणि मी त्याला तसे कळवले आहे.

आता आईच्या काळजीचे आधी सांगते. काकांच्या पत्रात ‘पब’ या शब्दाखाली दोन रेघा आहेत. आई, मी जिथे महिन्यातून एखाद्या संध्याकाळी जाते ती त्या जागेची वरची माडी आहे, तिथे आमच्या प्रयोगशाळेतल्या दोघी माझ्यासोबत असतात, मी लिंबाचे सरबत घेते, आणि दहाच्या सुमारास कार्यक्रम संपला की आम्ही एकत्रच ट्रामने परततो. येणाऱ्यांत निम्मी माणसे अप्पांच्या वयाची आहेत. तिथे जाऊन मी वाया जात नाही, पैसेही उधळत नाही. उलट आठवडाभर ज्यांच्याशी कामापलीकडे एक शब्द बोलणे होत नाही, त्या माणसांशी माझे खरे बोलणे तिथेच होते. तू याचा घोर लावून घेऊ नकोस.

त्या माडीवर चालते ते मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण मला स्वतःला ते उमगायला फार दिवस लागले. नवा अल्बम आला की ही माणसे तो एकत्र बसून, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, तबकडीवर ऐकतात. समोर तबकडीचे यंत्र आणि दोन मोठे ध्वनिवर्धक असतात, खुर्च्या त्यांच्याकडे तोंड करून मांडलेल्या असतात, सगळ्यांचे मोबाईल बंद करून एका टोपलीत ठेवतात आणि दिवे मंद करतात. एक गृहस्थ मऊ फडक्याने तबकडी पुसतात आणि सुई टेकवतात. त्यानंतर, अप्पा, कोणीही काहीही बोलत नाही. ‘वा’ नाही, ‘क्या बात है’ नाही, कोणाचा हात वर जात नाही, समेवर मांडीवर थाप पडत नाही, मानसुद्धा हलत नाही. पहिली बाजू संपली की तबकडी उलटवतात, तेवढ्या वेळातही शांतताच असते. दुसरी बाजू संपली की दिवे लागतात आणि सगळे टाळ्या वाजवतात. गाणारा तिथे नसतो, त्याला या टाळ्या कधी ऐकू जायच्या नसतात, आणि अल्बम कोणालाच आवडलेला नसला तरी त्या वाजतातच. मग बसल्या क्रमाने प्रत्येकजण आपले मत सांगतो, मध्येच कोणी कोणाला तोडत नाही, फक्त ज्याची सर्वांत जास्त निराशा झाली असेल त्याला पहिल्यांदा बोलू देतात. गाणे चालू असताना दाद का देत नाही, असे मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले की एकाने तोंड उघडले की शेजाऱ्याचे ऐकणे त्याच्या मताच्या मागे जाते. आपल्याकडे दाद मिळाली की गाणारा खुलतो, तेव्हा ती गाण्याचाच भाग असते. तबकडीतला गाणारा खुलायचा नाही, त्यामुळे तिथे दाद फक्त शेजाऱ्यासाठी उरते, हे मला आता पटले आहे. तरीही एखादी जागा सुरेख लागली की माझा हात वर जातो आणि सगळे वळून बघतात.

हे इतके लिहिले, कारण निराश झालेल्याला आधी बोलू देण्याची ही रीत पाहूनच मला तुमच्या आणि बाळच्या भांडणाचे मूळ दिसले. निराशेचे दोन प्रकार आहेत, अप्पा. एकात आपण मनात धरून आलो होतो ते मिळाले नाही म्हणून मन खट्टू होते; दुसऱ्यात गाण्यातून खरोखर काहीतरी गेलेले असते. दोन्ही वेळा त्रास सारखाच होतो, म्हणून आपण त्यांना एकाच मापाने मोजतो.

मी कामाला जाते त्या वाटेवर पीटर स्ट्रीटला फ्री ट्रेड हॉलची जुनी दगडी इमारत आहे, तिथे आता हॉटेल चालते. १७ मे १९६६ रोजी बॉब डिलन हा अमेरिकी गायक तिथे गायला. पूर्वार्धात तो नेहमीसारखा एकटा, साधी गिटार आणि तोंडाला लावलेला बाजा घेऊन गायला. उत्तरार्धात विजेच्या गिटारी आणि ड्रम घेऊन बँडसह उभा राहिला, तेव्हा श्रोत्यांतून कोणीतरी त्याला ‘जुडास’ म्हणून ओरडले. येशूला चांदीच्या तीस नाण्यांसाठी पकडून देणाऱ्याचे ते नाव आहे; यापेक्षा जड शिवी इथल्या माणसाजवळ नसावी. त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण चोरट्या प्रतींतून वर्षानुवर्षे हातोहात फिरले आणि १९९८ मध्ये ते रीतसर प्रसिद्धही झाले. आज तोच उत्तरार्ध लोक आदराने ऐकतात. गाण्यातून काही गेले नव्हते. श्रोत्याच्या मनातला डिलन तेवढा गेला होता.

याच गावच्या ओएसिस या बँडचे उलटे झाले. त्यांचा तिसरा अल्बम २१ ऑगस्ट १९९७ रोजी निघाला आणि पहिल्याच दिवशी ४ लाखांहून अधिक प्रती खपल्या. समीक्षकांनीही डोक्यावर घेतला. पुढे उत्साह ओसरला तेव्हा ध्यानात आले की गाणी विनाकारण लांबली आहेत आणि गिटारींचे इतके थर चढले आहेत की आवाजाला श्वास घ्यायला जागा नाही. ती गाणी ज्याने रचली त्यानेच नंतर अल्बमला नावे ठेवली, आणि २०१६ साली नवी आवृत्ती काढताना सगळा अल्बम सुधारायला घेऊन एका गाण्यापाशीच तो थांबला. म्हणजे घाईची वाहवासुद्धा घाईच्या रागाइतकीच फसवी असते. २०१५ च्या जुलैपासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी निघतात, आणि त्याच दुपारपर्यंत लोकांचे निकाल लागून झालेले असतात. इतक्या थोड्या वेळात कोणाचेही गाणे पोटात उतरत नाही, असे माझे ठाम मत आहे.

आता खऱ्या उणिवेचे. मेटॅलिका या अमेरिकी बँडचा २००८ सालचा अल्बम इतका दाबून, इतका मोठ्या आवाजात मुद्रित केला होता की हळू आणि जोरकस यांतला फरकच पुसला गेला आणि आवाज फाटू लागला. तीच गाणी एका व्हिडिओ गेममध्येही होती आणि तिथे ती जास्त स्वच्छ ऐकू येत होती. चाहत्यांनी दोन्ही शेजारी ठेवून ऐकले आणि अल्बम नव्याने मिश्रित करावा म्हणून हजारोंनी अर्जावर सह्या केल्या. ही माणसे रुसलेली नव्हती. काय गेले आहे ते त्यांना बोट ठेवून दाखवता येत होते.

या कसोटीवर तुमचे तीन आक्षेप मी पुन्हा पाहिले. ‘तुका म्हणे’ गाळल्याचा आक्षेप खराच आहे आणि त्यात मी पूर्णपणे तुमच्या बाजूची आहे. बाळ म्हणतो की तुमच्या लाडक्या जुन्या तबकड्यांवरही गाणे सव्वातीन मिनिटांत आटपत होते, मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा ख्यालसुद्धा. मग आजच्या गायकाने चार मिनिटे घेतली तर काय बिघडले? बिघडले ते हे की आखडलेल्या ख्यालात विस्तार कमी होतो पण बंदिश राहते, आणि शेवटचा चरण कापलेल्या अभंगात ज्याने तो रचला तोच उरत नाही. टाळांचा आक्षेपही अर्धा खरा आहे. मी कानांवर लावायचा चांगला ध्वनिसंच घेऊन ऐकले तेव्हा ते मागे का होईना, लागले. पण बाळच्या मोबाईलवर ते मुळीच ऐकू येणार नाहीत, आणि तुम्ही त्या मोबाईलवरच ऐकलेत.

ठेक्याच्या बाबतीत मात्र माझे तुमच्याशी पटत नाही. यंत्राचा ठेका मलाही कोरडा वाटला, पण तो परका आहे म्हणून टाकाऊ, हे पेटी वाजवणाऱ्याने म्हणू नये. ज्या पेटीवर तुम्ही मंडळाची साथ करता, ती युरोपातून आली आणि भारतीय स्वरांना मानवत नाही म्हणून १९४० मध्ये आकाशवाणीने बंद केली होती; १९७१ मध्ये ती बंदी थोडी सैल झाली. त्या सगळ्या काळात आजोबा घरी पेटीच वाजवत होते ना? आणि सुळेभावीचे कुमारजी, म्हणजे कुमार गंधर्व, क्षयातून उठून, एका फुप्फुसाच्या जोरावर, निराळ्याच ढंगाने गाऊ लागले, तेव्हा ‘हे ते गाणे नव्हे’ असे आजोबाच म्हणाले होते, हे तुम्हीच मला सांगितले आहे. त्यांचे मत शेवटपर्यंत बदलले नाही, पण त्यांनी बैठकही चुकवली नाही. माझी विनंती तेवढीच आहे. त्या अल्बममध्ये एकूण आठ अभंग आहेत, तुम्ही तीन ऐकलेत. सहावा ऐका. त्यात वीणा आणि टाळ एवढेच आहेत, ठेका जवळजवळ नाही, आणि तो पूर्ण गायला आहे, नाममुद्रेसह. मास्तरांनाही बसवून घ्या. त्यानंतर तुम्ही वाईट म्हणालात तर मी एक शब्द बोलणार नाही.

माझ्या रियाजाबद्दल तुम्ही विचारले आहे. भिंती पातळ आहेत, शेजारी रात्रपाळीची माणसे झोपलेली असतात, त्यामुळे पहाटे गाता येत नाही. रविवारी मात्र मी गाते. इतकी वर्षे तुम्ही माझ्या शिकवणीची फी पगारातून वेगळी काढून ठेवत होता, ते मी विसरलेले नाही. ते गाणे फुकट गेले असे मनात आणू नका.

आता घरच्या गोष्टी. गणपतीला मला येता येणार नाही. शिल्लक रजा धाकटीच्या लग्नासाठी राखून ठेवली आहे, आणि वैशाखात मी नक्की येते, अगदी हळदीच्या आधी. आरतीच्या वेळी बाळला फोन समोर धरायला सांगा. नैवेद्याला कुंदा आणला तर माझ्या वाटणीचा मास्तरांच्या नातवंडांना द्या. मंगल कार्यालयाच्या आगाऊ रकमेचे पैसे कालच पाठवले आहेत, बँकेत दोन-चार दिवसांत दिसतील. त्यातले काही अप्पांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आहेत, ते लग्नाच्या खर्चात घालू नयेत. धाकटीच्या सासरच्यांनी काही मागितलेले नाही हे चांगलेच झाले, पण तिच्या गळ्यातले माझ्याकडून होईल, आईने सोनाराला तसे सांगून ठेवावे. कोल्हापूरच्या आत्यांनी निपाणीचे स्थळ सुचवले आहे, त्यांना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावे की मुलाने माझ्याशी फोनवर बोलायला माझी हरकत नाही. थोरलीचे व्हायच्या आधी धाकटीचे होते म्हणून गल्लीत लोक आईला काही बोलत असतील, हे मला ठाऊक आहे. तिने ते माझ्यापासून लपवू नये. मी इथे मजेत आहे, फक्त तिला एकटीला ते ऐकावे लागते याचे वाईट वाटते.

काकांना नमस्कार, बाळला आशीर्वाद. सहाव्या अभंगाचे काय वाटले ते फोनवर नको, पत्रानेच कळवा.

तुमची,
थोरली