फॉर्म कोरा ठेवू नकोस

चि. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल अमेरिकेतून फोनवर "आई, मेजरचा फॉर्म अजून कोराच आहे गं" एवढंच म्हणालीस आणि लगेच बाबांच्या गुडघ्याची चौकशी करायला लागलीस. तेव्हाच कळलं, पोरीला झोप लागत नाहीये. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, ठरत नाही यात तुझं काहीही चुकलेलं नाही. माझा अकरावीचा फॉर्म भरला तेव्हा मी पंधरा वर्षांची होते, आणि कॉमर्सपुढची खूण मामांनी केली. बँकेतली नोकरी मी मन लावून केली. पण ती खूण माझ्या हातची नव्हती, हे अजून सलतं. तुझी खूण तूच कर.

तारीख मात्र पाळ. पदवीला १८० क्रेडिट लागतात, त्यातल्या ९० च्या आत मेजर सांगायचा, आणि या टर्मअखेर तुझे ८८ होतात. नाही सांगितला तर पुढच्या टर्मची नोंदणी अडवतात, असं तूच म्हणालीस. तू एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आहेस. टर्मला १२ क्रेडिट घेतले नाहीत तर व्हिसाचं त्रांगडं होईल. मेजर पुढे बदलता येतो. अडलेल्या नोंदणीपायी टर्म गेली तर ती परत मिळत नाही.

बाबांनी काढलेल्या कर्जापायी तू कॉम्प्युटर सायन्स लिहायला निघाली आहेस, हे मला कळतं गं. रात्री बसून नियम वाचले. पदवीनंतर एक वर्ष ओपीटी, म्हणजे तिथे आपल्या विषयात काम करायची परवानगी, आणि विषय स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) सरकारी यादीत असेल तर आणखी २४ महिने. आजच्या यादीत भूशास्त्रसुद्धा आहे! अर्थशास्त्राचं मात्र नीट बघ: यादीत प्रत्येक विषयाला कोड असतो; साध्या अर्थशास्त्राचा कोड त्यात नाही, अर्थमिती आणि संख्यात्मक अर्थशास्त्राचा, म्हणजे ४५.०६०३, आहे. तुमच्या विभागाने कुठला कोड लावलाय ते विचारून घे. कॉम्प्युटरला कित्येक विद्यापीठांत वेगळा अर्ज आणि ग्रेडची अट असते, तेही विचार. कर्जाचे हप्ते आम्ही दोघांनी हिशेब करूनच घेतलेत. तो भार तू फॉर्मवर ठेवू नकोस.

आता मनातलं लिहिते. सलग दोन टर्म भूशास्त्र घेतलंस, कुणी सांगितलं नव्हतं. कॉम्प्युटरची ग्रेड एका वाक्यात सांगतेस, आणि त्या लाव्हाच्या थरांवर चाळीस मिनिटं बोललीस. इथे घरी तुझ्या खिडकीत पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतला तो दगड अजून आहे. स्टिल्बाइट या पांढऱ्या खनिजावर वाटाण्याएवढा निळा गोळा. पाचवीत असताना रुमालात बांधून आणला होतास आणि रात्री उशीखाली ठेवून झोपली होतीस. तो निळा गोळा म्हणजे कॅव्हान्साइट हे खनिज, आणि ते जगात पहिल्यांदा तुझ्या ऑरेगनमध्ये सापडलं, हे तूच मला सांगितलंस. सांगताना तुझा आवाज कसा झाला होता, ते मी ऐकलंय.

तरी मी सांगते म्हणून भूशास्त्र लिहू नकोस. या आठवड्यात तुला भूशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना भेट. केमिस्ट्री, फिजिक्स, कॅल्क्युलस कुठवर लागतं, कुठला वर्ग वर्षातून एकदाच असतो, ते कागदावर लिहून घे. मग फॉर्म भर.

दगड पाठवू का? कापसात नीट गुंडाळून देईन. शनिवारी फोनवर सांग.

तुझी,
आई