बुलेटवरची रिंग गेली काका, मनापासून थँक्यू!

प्रिय काका,

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अरे त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितोय. आणि इकडे अमेरिकेत रीलोडिंग करणारे, म्हणजे वापरलेली रायफलची काडतुसं घरी परत भरणारे, आपले मराठी लोक थोडे का होईना आहेतच, त्यांच्याही बुलेटवर सीटिंग डायची रिंग पडत असणार, तर तुम्ही मला जे शिकवलंत ते त्यांच्याही कामी येऊ दे.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. वापरलेल्या पितळी केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या नळकांड्यात, नवा प्रायमर (ठिणगी पाडणारी टोपी), नवी पावडर टाकली की शेवटी वर बुलेट बसवायची असते, ते काम हाताच्या प्रेसमध्ये लावलेला सीटिंग डाय करतो. डायच्या आत एक स्टीलचा दांडा असतो, त्याला सीटिंग स्टेम म्हणतात, त्याचं तोंड खोलगट असतं आणि ते बुलेटच्या निमुळत्या भागावर टेकून तिला केसच्या नेकमध्ये, म्हणजे वरच्या अरुंद गळ्यात, दाबतं. आता बुलेटचं जॅकेट, म्हणजे वरचं आवरण, साधारण 95 टक्के तांबं आणि 5 टक्के जस्त, स्टीलपुढे ते मऊच, त्यामुळे स्टेमच्या तोंडाची कड धारदार असली किंवा दाब जास्त लागला की बुलेटवर गोल वळ उठतो. माझ्या 6.5 क्रीडमूर या काडतुसाच्या 140 ग्रेन वजनाच्या लांब बुलेट्सवर तो इतका खोल पडायचा की नख फिरवलं तर अडकायचं.

मी विचारत होतो तेव्हा दोनच उत्तरं मिळायची, एक म्हणजे "दिसायला वाईट आहे एवढंच, सोडून दे" आणि दुसरं म्हणजे "नवा डाय घे". पहिल्या उत्तरात तथ्य आहे, पुसट रिंगेने टार्गेटवर फरक दिसत नाही हे तुम्हीही मान्य केलंत, पण पुढे तुम्ही जे बोललात ते मला कोणीच सांगितलं नव्हतं, की रिंग खोल पडतेय म्हणजे बुलेट आत जायला जोर जास्त लागतोय, आणि तो जोर प्रत्येक केसला सारखा नसतो, म्हणून बुलेट कुठे कमी तर कुठे जास्त खोल बसते, तेव्हा आधी तो जोर शोध, रिंग आपोआप कमी होईल. पिंपरीच्या टूलरूममध्ये आयुष्य काढलेला माणूस कसा विचार करतो ते मला त्या दिवशी कळलं!

तुम्ही एमरी पेपरला हात लावायच्या आधी कॅलिपरला बुलेट कम्पॅरेटर (बुलेटच्या वळणावर बसणारा जोड) लावून माझ्या भरलेल्या काडतुसांचं बुडापासून ओजाइव्हपर्यंतचं, म्हणजे बुलेटच्या निमुळत्या वळणापर्यंतचं, माप घ्यायला लावलंत, आणि खोल रिंगवाल्या बुलेट्सचीच मापं इकडेतिकडे निघाली. मग रिकाम्या केसमध्ये, ना प्रायमर ना पावडर, मार्करने काळी केलेली बुलेट बसवून बघायला सांगितलंत. किती साधी युक्ती आहे ही! शाई टोकाला खरवडली तर बुलेटचं टोक स्टेमच्या तळाला टेकतंय, म्हणजे त्या लांब बुलेटला तो स्टेम चालतच नाही, लांब निमुळत्या बुलेट्ससाठीचा खोल पोकळीचा व्हीएलडी स्टेम पाहिजे. शाई एकाच बाजूला अर्ध्या चंद्रासारखी गेली तर स्टेमच्या कडेला बर (धातूचा बारीक काटा) आहे नाहीतर बुलेट तिरकी जातेय. आणि पूर्ण गोल पण दोऱ्याएवढी बारीक रेघ आली तर सगळा दाब कडेच्या त्या बारीक रेघेवरच येतोय. माझ्याकडे तो तिसरा प्रकार निघाला.

जोर कुठून येतो हे शोधायला तुम्ही जेवढा वेळ दिलात तेवढा स्वतःच्या कामालाही देत नसाल. माझ्या केसेस स्टीलच्या पिना घालून पाण्यात टम्बल केलेल्या असतात, आतून लखलखीत, आणि तुम्ही म्हणालात की नेकच्या आतला काजळीचा पातळ थर वंगणाचं काम करत असतो, तो धुऊन गेला की कोरडं पितळ आणि कोरडं तांबं एकमेकांवर घासतं. त्यावर उपाय कोरड्या ग्रॅफाइटचा, नेकच्या आतून ब्रशने अगदी नावापुरता. मग नेकची कड, तिला आतून कमी कोनाचा लांब चॅम्फर (उतार) दिला की बुलेट अलगद सुरू होते, आणि चॅम्फर नीट नसला तर बुलेटच्या अंगावर उभे ओरखडे येतात, त्यांना लोक उगाच डायच्या नावाने ओरडतात. मग नेक टेन्शन, म्हणजे नेक बुलेटला किती घट्ट धरतो ते, केस परत मापात आणणाऱ्या साइझिंग डायने माझे नेक गरजेपेक्षा फार आवळले जात होते, म्हणून तुम्ही बुलेटपेक्षा 2 थाउ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाउ) बारीक असलेला मॅन्ड्रेल, म्हणजे मापाचा दांडा, शेवटी नेकमधून फिरवायला लावलात, म्हणजे तुमच्या भाषेत 50 मायक्रॉन. बऱ्याच वेळा फायर झालेल्या केसेसचं पितळ कडक झालेलं असतं, त्या वेगळ्या काढून अ‍ॅनील करायच्या, म्हणजे तापवून मऊ करायच्या, हेही तुमचंच. आणि पावडर केसमध्ये शिगोशीग भरलेली असेल तर बुलेट खाली जाताना पावडरही दाबली जाते, मग वळ पडणारच, तिथे स्टेम कितीही पॉलिश करा उपयोग कमीच, लोड मॅन्युअलमध्ये बसणारी कमी जागा घेणारी दुसरी पावडर बघावी लागते.

एवढं झाल्यावर प्रेसच्या हँडलला लागणारा जोर हाताला कळेल इतका उतरला आणि निम्मी रिंग तिथेच गेली. मगच तुम्ही स्टेम हातात घेतलात. गॅरेजमधल्या तुमच्या छोट्या लेथवर स्टेम चकमध्ये धरून आधी डायल गेज लावून रनआउट, म्हणजे फिरताना तो किती डगमगतो ते, बघितलात, मग तोंडाच्या आतल्या कडेची धार फक्त मोडलीत, जास्त मटेरियल काढलं नाहीत, मग 400 चा पेपर, मग 600, मग एका बुलेटला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावून ती फिरत्या स्टेमच्या तोंडात हाताने धरलीत म्हणजे पोकळीचा आकार बुलेटच्या वळणाला जुळत गेला आणि दाब रेघेऐवजी पट्ट्यावर पसरला. ती बुलेट लगेच कचऱ्यात. स्टेम केरोसीनने धुवून, पुसून, परत धुतलात, कारण पेस्टचा एक कण राहिला तरी तो पुढच्या प्रत्येक बुलेटला ओरखडा काढेल. घाई नाही, बडबड नाही, मी नुसता बघत राहिलो.

आणि एक गोष्ट तुम्ही तीन-तीनदा बजावलीत ती इथेही लिहितोच, कारण ती सगळ्यात महत्त्वाची आहे. स्टेमची पोकळी घासली की बुलेट तिच्यात थोडी जास्त शिरते, म्हणजे डायची सेटिंग तीच ठेवली तर काडतूस आधीपेक्षा लांब भरतं, आणि बुलेट बॅरलच्या रायफलिंगला (आतल्या पिळदार खाचांना) जाऊन टेकली तर प्रेशर वाढतं. म्हणून स्टेमला नुसता हात जरी लावला तरी प्रायमर-पावडरशिवायचं डमी काडतूस भरून माप परत घ्यायचं, डाय परत सेट करायचा, मगच खरं लोडिंग. लोक रिंग घालवायचे उपाय सांगतात आणि हे सांगत नाहीत, मला ते अजिबात पटत नाही.

स्टेममध्ये एपॉक्सी भरून बुलेटचा साचा घ्यायचा उपाय मी विचारला होता, तुम्ही नाही म्हणाला नाहीत, फक्त म्हणालात की तो स्टेम मग त्या एकाच बुलेटचा झाला, दुसऱ्या बुलेटचं वळण वेगळं असतं. बरोबर आहे, मी दोन प्रकारच्या बुलेट्स वापरतो, मला ते नकोच होतं.

काका, मी मूळचा कोल्हापूरचा. 2010 मध्ये तेजस्विनी सावंतनी म्युनिकला 50 मीटर रायफल प्रोनमध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिपचं गोल्ड मारलं तेव्हापासून रायफल डोक्यात बसलेली. पण तिकडचं ते सगळं पॉइंट टू टू, त्या काडतुसाचा प्रायमर रिममध्येच असतो, ते सहसा कोणी परत भरत नाही, आणि भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणं आर्म्स अ‍ॅक्टखाली गुन्हा आहे, त्यामुळे ही विद्या शिकवणारं घरचं असं कोणी नव्हतंच. अ‍ॅरिझोनात येऊन बेन एव्हरीच्या रेंजवर शेजारच्या बेंचवरून "कुठले तुम्ही?" असा मराठीत आवाज यावा आणि त्याच माणसाने मायक्रॉनमध्ये बोलावं, याला मी माझं नशीबच समजतो.

आता बुलेटवर उजेडात तिरकी धरली तरच दिसेल असा पुसट पट्टा राहिलाय, तो राहू दे. ओजाइव्हची मापं जवळजवळ एकसारखी येतायत, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. माझ्या दुसऱ्या, 308 काडतुसाच्या डायचाही स्टेम बघायचाय, त्याच्या बुलेट्स काळ्या करून आणि मापं वहीत लिहून घेऊन येतो, आधी माप मगच लेथ. काकूंना सांगा, त्यांच्या चहाचे आभार वेगळे मानायला येणार आहे.

तुमचा,
शेजारच्या बेंचवरचा कोल्हापूरकर