समासातली नावं

आदरणीय मावशी,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

चारचौघांत कौतुक झालं की तुम्ही ओशाळत नाही. 'बरं वाटलं ऐकून' म्हणता आणि पुढच्या कामाला लागता. म्हणून हे पत्र उघडपणे लिहायला मलाही संकोच वाटत नाही.

बायबल अभ्यासवर्गात साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगायला, उभं राहिलेलं प्रत्येक जण 'मी कोण, मी तर काहीच नाही' अशी सुरुवात करायचं, तेव्हा तुम्ही आम्हाला १ करिंथ १५, म्हणजे प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय, काढायला लावलंत. ९व्या वचनात पौल स्वतःला प्रेषितांमध्ये सर्वात कनिष्ठ म्हणतो, कारण त्याने मंडळीचा छळ केला होता. आणि लगेच १०व्यात तोच सांगतो की बाकी सगळ्यांपेक्षा जास्त श्रम मी केले, पण ते देवाच्या कृपेने. कष्ट नाकारत नाही, श्रेय ठेवून घेत नाही. 'नम्र व्हायला खोटं बोलावं लागत नाही,' एवढंच तुम्ही म्हणालात. माझं केवढं ओझं उतरलं!

योहान १३ मधला, येशू शिष्यांचे पाय धुतो तो प्रसंग बहुतेक जण येशूच्या बाजूने सांगतात. तुम्ही त्याच्या शिष्याकडे, पेत्राकडे बघायला लावलंत. माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत, हे त्याचं म्हणणं ऐकायला किती लीन वाटतं. पण गुरूने काय करायचं हे तिथे शिष्यच ठरवतोय. सेवा करणं त्यामानाने सोपं, करून घेणं जड जातं. तुमचा हात मोडला तेव्हा वर्गातल्या मुली आळीपाळीने तुमची वेणी घालायच्या. ती हमखास वाकडी व्हायची, आणि तुम्ही तशाच उपासनेला यायचात.

तुमचं बायबल एकदा माझ्या हाती आलं होतं. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात नावं लिहिलेली. ज्याच्यामुळे ते वचन उमगलं, त्याचं नाव त्या वचनाशेजारी. त्यात रविवारच्या शाळेतली पोरंही होती. (माझं कुठे आहे का, तेही बघून घेतलं. माणूसच मी!)

सगळ्यात जास्त आभार मात्र वर्ग माझ्या हाती दिल्याबद्दल. आवाज खणखणीत होता, लोक तुमच्यासाठीच येत होते, तेव्हाच दिलात. सगळे येशूकडे चाललेत अशी तक्रार घेऊन स्वतःचेच शिष्य आले, तेव्हा बाप्तिस्मा करणारा योहान म्हणाला, वर येशू आहे, मी वराचा मित्र, मला आनंदच झाला. ते वाचायला सोपं आहे. तुम्ही मात्र आता वही घेऊन आमच्यात बसता, आणि मी अडखळले तरी लगेच बोलत नाही. माझं मला सापडेपर्यंत थांबता. ते थांबणं किती कठीण, हे शिकवायला लागल्यावर कळतंय.

पुढच्या वेळी लूक १८ घेतेय, परूशी आणि जकातदार: धर्मनिष्ठ परूशी 'मी या जकातदारासारखा नाही' म्हणून देवाचे आभार मानतो, आणि जकातदार नुसती दया मागतो. तो दाखला ऐकताना 'बरं झालं, मी त्या परूशासारखी नाही' असं मनात येतंच, आणि आलं की आपण नेमके त्याच्याच शेजारी जाऊन उभे राहतो. यातून सुटायचं कसं, हे मला अजून सुचलेलं नाही. वर्गात तुम्हालाच विचारणार आहे, तयारीने या.

तुमची,
अभ्यासवर्गातली एक