स्मॉगचा डावा डोळा

कोल्हापूर,
शुक्रवार, रात्री उशिरा

प्रिय बाळ्या,

दिवाळीपासून तुला एक ओळ नाही लिहिली. शिव्या घालायच्या त्या भेटल्यावर घाल, आज आधी ऐकून घे. हे सांगायला मला दुसरं कुणी नाही. प्रकृती ठीक. आईचा मोतीबिंदू निघाला, आता तिला तुझ्या लग्नाच्या फोटोतलं तुझं टक्कलही स्पष्ट दिसतं म्हणे.

मी स्मॉग रंगवतोय, सोन्याच्या ढिगावर पसरलेला आपला तो ड्रॅगन. भिंतीवर, नऊ फूट बाय सहा.

पेठेतल्या मुलांच्या वाचनालयाची आतली खोली आठवते ना? २०१९ च्या पुरात तिथं कमरेएवढं पाणी होतं. भिंतीला लोणा धरलेला. खरवडून, वाळवून, पुट्टी भरून झाली आणि मंडळी म्हणाली, मुलांच्या एखाद्या पुस्तकातला दणकेबाज प्रसंग काढा. माझ्या तोंडून टॉल्किनचं 'हॉबिट' कधी निघालं ते मलाच कळलं नाही. गच्चीवर दादा इंग्रजीतून वाचायचा आणि मराठीत सांगायचा, तू मधेच "पुढं काय, पुढं काय" करून त्याला भंडावायचास.

प्रसंग कुठला ते तुला सांगायला नको. आपला बुटका नायक बिल्बो दुसऱ्यांदा स्मॉगच्या गुहेचं भुयार उतरतो. आदल्या खेपेला दोन कानांचा पेला पळवलेला. बोटात जादूची अंगठी, म्हणून दिसत नाही. पाऊल आत टाकणार, एवढ्यात स्मॉगच्या डाव्या डोळ्याच्या मिटल्या पापणीखालून लाल उजेडाची तिरीप चमकते. झोपेचं सोंग! तो भुयाराच्या तोंडाकडंच बघतोय.

तुला छातीवरची उघडी जागा पाहिजे होती, माहीत आहे. अरे, पण ती नंतर दिसते, बिल्बोच्या गोड बोलण्याला भुलून तो पोटाचं हिऱ्यामाणकांचं चिलखत दाखवायला उताणा होतो तेव्हा. दोन्ही एका चित्रात बसत नाही. यावर तू पंचगंगेच्या घाटावर माझ्याशी दोन तास भांडलायस. मी अजून माझ्या जागेवर आहे.

सोनं मात्र जमेना. बाजारातला सोनेरी रंग लावून बघितला. भिंत लग्नाच्या मांडवासारखी चमकायला लागली, त्यात भीती कुठली? सगळं पुसलं. टाउन हॉलच्या म्युझियममध्ये आबालालच्या चित्रांपुढं उभं करून सर म्हणायचे ना, उजेड पाहिजे तर आधी सावली नीट रंगवा. आणि त्या रात्री मला तुमच्या मळ्यातलं गुऱ्हाळ आठवलं. चुलवाणात चिपाडं सारली की जाळ भक्कन उसळायचा, काहिलीवरच्या वाफेला खालून रंग चढायचा. गुळव्याची हनुवटी लाल आणि कपाळ काळोखात. बस्स! स्मॉगची गुहा म्हणजे तेच. उजेड खालून, आणि तोही वाफेतून. सगळी भिंत बर्न्ट सायना आणि काळ्यानं बुडवली, नाण्यांच्या ढिगावर ऑकर, आणि जिथं जाळ लागतो तेवढ्याच वीसपंचवीस नाण्यांच्या कडांना लख्ख पिवळा. पोट काकवीच्या रंगाचं. बाळ्या, सोनं दिसायला लागलं रे. मी एकटाच ओरडलो.

शेवटी डोळा. करंगळीएवढी एकच रेघ, क्रिम्सनचे तीन पातळ हात, टोकाला कणभर पिवळा. श्वास रोखून काढली.

काल संध्याकाळी पुस्तक बदलायला एक मुलगी आली, असेल आठ वर्षांची. दारातच थबकली. डावीकडं सरकली, परत उजवीकडं सरकली, आणि हळूच मला विचारलं, "काका, हा माझ्याकडं का बघतोय?"

माझ्या हातातला ब्रश तसाच राहिला. कारण हे तू म्हणाला होतास. आठवीत. "बिल्बो काढायचाच नाही. जो बघतोय तोच बिल्बो." तुझा कागद, तुझी कल्पना, मी फक्त रंग भरायला. आणि प्रदर्शनाच्या आदल्या रात्री मी तुला न विचारता पांढऱ्या पोस्टर कलरनं कोपऱ्यात बिल्बो काढला, नाहीतर परीक्षकांना कळणार नाही म्हणून. दुसरा नंबर आला. तू दोन महिने बोलला नाहीस, आणि त्यानंतर मी तुझ्या हातात ब्रश पाहिला नाही. तेव्हा अभ्यासाचं कारण सांगितलंस, मीही ते खरं धरलं, सोयीचं होतं म्हणून. चुकलं माझं. इतक्या वर्षांनी लिहितोय, पण चुकलंच.

आता मंडळी म्हणतात, नायकाशिवाय चित्र कसलं? मुलं विचारतील, बिल्बो कुठाय? त्यात टॉल्किननं १९३७ साली स्वतः काढलेलं चित्र मीच त्यांना दाखवून बसलो. त्यात बिल्बो आहे, धुक्याच्या ढगात उभा केलेला. लेखकानंच दाखवलाय, मग तुमचं काय अडलंय, म्हणतात. उत्तर सुचेना. रविवारपर्यंत सांगतो म्हणालोय. खाली उजव्या कोपऱ्यात वीतभर जागा मोकळी आहे, अर्ध्या तासाचं काम. पण ती मुलगी डोळ्यांपुढून हलत नाही. बिल्बो काढला की तो डोळा त्याच्याकडं बघणार, तिच्याकडं नाही.

तुझं प्रमोशन झालं म्हणे, वहिनींकडून कळलं, अभिनंदन. फ्लॅटचं लवकर उरकून टाक. छोटीच्या दहावीचं फार डोक्यात घेऊ नकोस, तिच्याच्यानं होईल.

जमलं तर उद्या रात्रीच्या गाडीनं ये, तांबडा-पांढरा माझ्याकडं. नाहीच जमलं तर रविवारी सकाळी आठच्या आत फोन कर आणि फक्त सांग, काढू की नको. कल्पना तुझी आहे. यावेळी तुला विचारल्याशिवाय त्या कोपऱ्याला हात लावणार नाही.

पत्राचा फोटो काढून आत्ताच मोबाईलवर पाठवतोय, कागद टपालानं येईल.

तुझा,
दिन्या