तात्या, तो जेसीबी परत पाठवलात म्हणून

आदरणीय तात्या,
साष्टांग नमस्कार.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. शाल-नारळ पुढे केला तर ‘देवळात द्या’ म्हणालात. मग आभाराचं पत्र तरी लिहू दे. ते जाहीर लिहितोय, कारण डोंबिवली-विरारला राहून मे महिना आणि गणपती एवढ्यापुरतेच गावाला येणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याही काजूच्या बागेत आज ना उद्या कोणीतरी शिरणार आहे.

मे महिन्यात आंबे उतरवले तेव्हा वरच्या तुकड्यात काही नव्हतं. गणपतीला आलो तर कमरेएवढा चिऱ्याचा गडगा, आत पत्र्याची शेड आणि शेडीत राखणदार. शेजारची जमीन नव्याने घेतलेल्यांचं म्हणणं, आमची हद्द इथपर्यंतच येते. पोलीस ठाण्यात गेलो तर ‘दिवाणी बाब आहे, कोर्टात जा’. संध्याकाळपर्यंत धाकट्या भावाने जेसीबीवाला ठरवला होता. त्याला तुम्ही वाडीच्या वळणावरूनच परत पाठवलंत. डिझेलचे पैसेही बहुधा तुम्हीच दिलेत, पण ते विचारायची सोय नाही.

खरं सांगायचं तर तेव्हा तुमचा रागच आला होता. सातबारा आमचा, झाडं आजोबांनी लावलेली, आणि थांबायचं मात्र आम्ही? पण ओटीवर बसून तुम्ही जे समजावलंत ते कुठल्या वकिलाने इतकं नीट सांगितलं नसतं. जन्मभर सरकारी भूकरमापक, म्हणजे जमिनी मोजणारे, म्हणून लोकांच्या बांधांवर उभे राहिलात, त्याचाच तो गुण. स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट, १९६३ चं सहावं कलम तुम्ही असं मांडलंत: ज्याचा ताबा कायदेशीर मार्गाने न जाता काढून घेतला, तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात जमीन कोणाची हे बघितलंच जात नाही. म्हणजे आज तुमची जमीन त्याने बळकावली तर हे कलम तुमच्या कामाचं. पण तो तिथे स्थिरावल्यावर तुम्ही शेड पाडलीत, तर तेच कलम तो तुमच्यावर चालवील. सर्वोच्च न्यायालयाने रामे गौडा प्रकरणात २००३ साली हीच रेघ ओढली. नुकत्याच घुसलेल्याला मालक बेताचं बळ वापरून अडवू शकतो, स्थिरावलेल्याला मात्र कायद्यानेच काढावं लागतं. आता चार महिन्यांचा गडगा नि राखणदार म्हणजे स्थिरावणं की नाही, यावर कोर्टात वर्षं जातील, हे तुमचं वाक्य भावाला एकदम पटलं. मला पटायला रात्र लागली.

पोलिसांचंही कोडं तुम्हीच सोडवलंत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये फौजदारी अतिक्रमणाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही आहे. घरात शिरला तर कैद वर्षापर्यंत जाते. पण गुन्हा करायचा, धमकवायचं, अपमान करायचा किंवा त्रास द्यायचा असा हेतू दाखवावा लागतो. समोरचा ‘मला माझीच हद्द वाटली’ म्हणाला की ठाणेदार हात झटकतो. दंडाच्या रकमेवर तुम्ही जे बोललात ते इथे लिहीत नाही, वाडीतल्या बायकाही हे वाचतील.

मग तुम्ही दाखवलात तो रस्ता माझ्या ओळखीतल्या एकाही चाकरमान्याला माहीत नव्हता. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५. शेती, गुरचरण, झाडं किंवा पिकांच्या जागेचा ताबा बेकायदा गेला असेल तर थेट तहसीलदारापुढे दावा लावता येतो, तोसुद्धा सहा महिन्यांच्या आतच. ‘मोजणीची वाट बघू नका, वारस नोंदीचीही बघू नका, आधी दावा नोंदवा’ असं तुम्ही बजावलंत, म्हणून मुदत हातची गेली नाही. सातबारा अजून आजोबांच्याच नावावर होता. काकांच्या तिन्ही मुलांना फोन करून फेरफाराच्या सह्यांना तुम्हीच आणलंत. आमच्यात ज्यांचं बोलणं बंद होतं, तेही आले.

पुराव्याला काय लागलं? शेतसाऱ्याच्या पावत्या, काजू विकल्याची बिलं, ई-पीक पाहणीतली नोंद, शेजारच्या खातेदारांचे जबाब. आणि पुतण्याने मेमध्ये आंब्याच्या ढिगावर बसून काढलेला फोटो, ज्याच्या मागे गडगा नाही आणि ज्यावर तारीख आहे. हद्द कायम मोजणी मागाहून झाली, नकाशाची ‘क’ प्रत मिळाली आणि गडगा आमच्या बाजूला आल्याचं कागदावर आलं. बारा वर्षं गप्प राहिलो असतो तर मुदत कायद्याने आमचा हक्कच संपू शकला असता. २०१९ पासून तर असा कब्जेदार स्वतःहूनही मालकीचा दावा घेऊन कोर्टात जाऊ शकतो. हे कळल्यापासून पुण्याचे चुलतभाऊ दिवाळीतही गावाला येऊ लागलेत!

आदेश आमच्या बाजूने झाला, शेड गेली. गडग्याचे चिरे त्यांनी उचलून नेले, जोत्याचे तेवढे राहिलेत. समोरचे पुनरीक्षणासाठी, म्हणजे आदेश पुन्हा तपासून घ्यायला, वर गेलेत, पण स्थगिती मिळालेली नाही. आता ‘क’ प्रतीवरच्या खुणांनुसार कुंपण घालायचं आहे. पहिले चार खांब रोवताना तुम्ही बांधावर उभे राहा, एवढी विनंती. खुर्ची आम्ही आणू, चढण मोठी आहे म्हणून गाडी वरपर्यंत आणायची सोयही केली आहे. तारीख तुम्ही सांगाल ती.

आपला,
वरच्या वाडीतला चाकरमानी