खालच्या मजल्यावरच्या काकूंना

काकू, सप्रेम नमस्कार.

लेकीच्या साक्षगंधात सगळ्यांनी मागून मागून प्यायलेला संत्र्याचा गार चहा मी केला, असं तुम्ही पाहुण्यांना सांगितलंत आणि मीही हसून मान डोलावली. तेव्हापासून मनाला टोचतंय, म्हणून हे चारचौघांत लिहिते.

आदल्या रात्री नऊला मी रडकुंडीला आले होते. मार्च संपत आलेला, पण नागपूरच ते! अशा उन्हात चाळीस पाहुण्यांपुढे गरम चहा काय ठेवायचा, म्हणून हा घाट घातला. सवयीनं चहापत्ती खळखळ उकळली आणि गंज कोमट असतानाच फ्रिजमध्ये ढकलला. बाहेर काढला तर चहा गढूळ. वरून घातलेली साखर तळाशी. संत्री बियांसकट मिक्सरमधून काढलेली, तो रस तर कडूजहर.

तुम्ही घोट घेतलात, तोंडही वाकडं केलं नाही. "उकळणं दुधाच्या चहाले चालते, याले नाही," एवढंच म्हणालात. मला वाटलं चहा नासला. तर म्हणे गार होताना त्यातलं टॅनिन आणि कॅफिन एकमेकांना धरतात, म्हणून तो असा दिसतो. पेलाभर चहात थोडं उकळतं पाणी घालून तुम्ही तो डोळ्यांदेखत नितळ करून दाखवलात. कडूपणा मात्र कशानं जाणार? तो मोरीत गेला.

मग तुमच्या घरून लांब पानांचा चहा आला. लिटरला 10 ग्रॅम या हिशेबानं 8 लिटर गार पाण्यात 80 ग्रॅम, दोन गंजांत, झाकून, रात्रभर फ्रिजमध्ये. ना गॅस, ना उकळी. जागा व्हावी म्हणून आमचं दही, भाज्या, श्रीखंड सगळं तुमच्या फ्रिजमध्ये पाहुणं गेलं. साखरेचा पाक तुम्हीच केलात, त्यात संत्र्याच्या सालीचा फक्त वरचा केशरी पापुद्रा टाकून. बर्फसुद्धा चहाचाच लावलात, म्हणजे वितळला तरी पेला पाणचट होऊ नये. हे मला सात जन्मांत सुचलं नसतं.

सकाळी चहा फडक्यातून गाळला, पानं न पिळता. संत्री मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्यात फुलून उन्हाळ्याच्या तोंडाशी येणारी, गोड होती. चूक माझ्या मिक्सरची. दोघी बसून बिया आणि पांढऱ्या शिरा काढत होतो, तेव्हा तुम्ही सांगितलंत की कडूपणा तिथंच असतो आणि रस ठेवून दिला की तो आणखी वाढतो. म्हणून पाहुणे यायच्या तासभर आधीच रस काढला, तोही गाळणीवर हलक्या हातानं दाबून. तीन वाट्या चहाला एक वाटी रस. वरून लिंबू पिळलं तसा चहाचा रंग उजळला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

पुदिना घालू नको म्हणालात, संत्र्याचा वास मारतो. मी तुमच्या पाठीमागे घातलाच. तेवढा भाग खरोखर माझा, आणि तो नसता तर बरं झालं असतं, हे आता कबूल करते.

काल विहीणबाईंचा फोन आला होता, कृती विचारत होत्या. मी त्यांना तुमचा नंबर दिलाय.

तुमची,
वरच्या मजल्यावरची